काळ्या कडांचे सैनिक

चिखली
१४ सप्टेंबर

प्रिय प्रेमानंद,

तुझा निरोप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. ‘ताई, माझ्या बाजूचे सैनिक जमल्यास नांदुऱ्याच्या गाडीने पाठवा. मार्तंडचे तुमच्याकडेच राहू द्या.’ एवढंच त्यात होतं. मी सहा आठवडे उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, ताईला द्यायचे नाहीत. तसं नाही. माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि तिच्यामुळे तुझे सैनिक कोणते आणि मार्तंडचे कोणते हेच मला सांगता येईना. ती चूक आता बरीचशी निस्तरली आहे, तुझी पेटी बांधून ठेवली आहे. पण आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि ती न सांगता नुसती पेटी गाडीत टाकणं मला बरोबर वाटेना. फोनवर मला ते जमणार नाही. लिहायची सवय म्हणशील तर मला फक्त पंचायत समितीतल्या पत्रांची. तेव्हा काही कोरडं वाटलं तर चालवून घे.

आधी चुकीचं सांगते. जानेवारीत मार्तंड गेल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान मी मे महिन्यापर्यंत चालू ठेवलं. लोकांनी दुरुस्तीला टाकलेले चष्मे ज्याचे त्याला परत करायचे होते. मग जागा मालकाला दिली आणि माडीवरचं तुमचं सामान घरी आणलं. प्लायवूडचे दोन मोठे तुकडे, हिरवं कापड, नाल्यासाठी कापलेली निळ्या रेक्झिनची पट्टी, फासे, सैनिक किती पुढे सरकले ते मोजायची टेप आणि सैनिकांच्या दोन पत्र्याच्या पेट्या. पेट्या मी देवघराच्या खोलीत ठेवल्या. जुलैत फार ओल धरली. एक दिवस उघडून पाहिलं तर सैनिक ज्या लोखंडी वायसरांवर उभे आहेत त्यांना तांबेरा चढायला लागलेला. मला धसका बसला. माझ्या भावाचं एवढं एकच काम घरात उरलं आहे आणि तेही माझ्या देखत खराब होतंय, असं झालं. मी पेपर अंथरले, सगळे सैनिक बाहेर काढले आणि चार दिवस बसून एकेका वायसरची कड काचपेपरने घासली. गंज निघाला. कडेला कुठे हिरवा, कुठे लाल रंग होता, तोही निघाला. मला वाटलं ब्रश पुसताना लागला असेल. मग सगळ्या कडांना सारखा काळा ऑइलपेंट दिला आणि वाळल्यावर परत भरले. भरताना घोडेस्वार घोडेस्वारांबरोबर, बंदूकवाले बंदूकवाल्यांबरोबर, भालेवाले भालेवाल्यांबरोबर, असे नीट लावले. चौतीस वर्षं ऑफिसात मी हेच केलं, सारखे कागद सारख्या कागदांत. दोनशे सोळा सैनिक. पेटीचं झाकण लावताना बरं वाटलं होतं.

मग तुझा निरोप आला. तुझी बाजू शोधायला मी मार्तंडची वही काढली. पहिल्याच पानावर त्याच्या अक्षरात होतं, ‘हिरवी कड निजामाची, लाल कड मुबारिजखानाची. कपड्यांवरून ओळखू नये, दोन्ही बाजूंचे कपडे सारखेच.’ पेटी पुन्हा उघडली, तर सगळ्या कडा माझ्याच हाताने काळ्या झालेल्या.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. अकरा वर्षं दर रविवारी तुम्ही माडीवर बसत होता आणि चहा मीच आणून देत होते. तू नांदुऱ्याहून सकाळच्या गाडीने यायचास, पिशवीत रंगांच्या बाटल्या आणि वहिनीने दिलेला डबा. टेबलावर मांडून खेळायला तुम्हाला लढाई तरी कोणती सुचावी! दुनियेच्या लढाया सोडून साखरखेर्ड्याची. तू म्हणायचास, आपल्या जिल्ह्यात एवढी मोठी लढाई झाली आणि आपल्याच पोट्ट्यांना ठाऊक नाही. मार्तंड म्हणायचा, दिल्लीचेच दोन सरदार एकमेकांत लढले, ठाऊक कशाला राहील? दोघांच्या फौजा दिल्लीच्याच, म्हणून पोशाखही सारखेच. तेच पायघोळ अंगरखे, तीच पागोटी. म्हणून कडांना रंग द्यावे लागले होते, हे तेव्हा माझ्या कानावरून नक्की गेलं असेल. मी ऐकलं नाही. मला ती दोन मोठ्या माणसांची बाहुल्यांची हौस वाटायची. अंगठ्याच्या पेराएवढी ती माणसं सोड्याच्या बाटलीच्या बुचावर चिकटवायची आणि बूच बोटांत धरून रंगवत बसायचं. आधी चेहरा आणि हात, मग अंगरखा, मग कमरबंद, शेवटी तलवार. आतून बाहेर, ज्या क्रमाने माणूस कपडे घालतो त्या क्रमाने, हे मार्तंडने मला एकदा समजावून सांगितलं होतं.

तुझी फौज लवकर तयार व्हायची आणि त्याची अडायची. एका अंगरख्याच्या चुण्यांसाठी त्याला तीन रंग लागायचे, आधी गडद, मग मधला, मग उंचवट्यावर फिका. एका रविवारी तू जिन्यातूनच ओरडला होतास, “बे मार्तंड, तुह्या निजामाले तयार व्हाले एवढा टाइम लागला असता, त मुबारिजखान म्हातारा होऊन मेला असता बे!” आणि तो वर न पाहता म्हणाला, “मरू दे. माह्या हातानं मेला त निदान चांगल्या कपड्यातल्या माणसाच्या हातानं तं मरन.” मी जिन्यात कपबशा घेऊन उभी होते. हसू आलं होतं, पण आत आल्यावर मी गंभीरच होते. मी तशीच आहे, तुला माहीत आहे.

संभाजीनगरच्या त्या प्रदर्शनाबद्दल आपण तिघं कधी बोललो नाही. मला आज बोलावं लागेल. त्या वर्षी तुझ्याकडे पेपर तपासायला आले होते आणि साठ सैनिक कोरे राहिले होते. तू नुसता सपाट रंग दिलास आणि वडिलांच्या डब्यातलं लाकडाचं पॉलिश टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्यात एकेक सैनिक बुडवून काढलास. ते तपकिरी पाणी आपणहून चुण्यांत, डोळ्यांच्या खाचेत, दाढीत जाऊन बसलं. एका संध्याकाळी साठ सैनिक झाले. खरं सांगते प्रेमानंद, मला ते जास्त जिवंत वाटले. उन्हातून चालून आलेल्या माणसांसारखे. मी ते तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं. तिथे आलेल्या एका गृहस्थाने मार्तंडच्या सैनिकांवरून नजर फिरवली आणि तुझ्यांपाशी थांबून विचारलं, ही सावली कशी आणली? तू खुशीत सांगून टाकलंस, बाबांची युक्ती आहे म्हणून. आणि मार्तंड सगळ्यांच्या समोर म्हणाला, “सैनिक हायेत का खुर्च्या बे? पॉलिशवाल्याचं पोट्टं, पॉलिशच करन.”

लोक हसले. तो शब्द पॉलिशपुरता नव्हता हे तुला कळलं, मला कळलं, हसणाऱ्यांनाही कळलं असणार. आमच्या दुकानाचं काउंटर तुझ्या वडिलांनीच, दयारामकाकांनी पॉलिश केलेलं होतं, इतक्या वर्षांत त्यावर एक डाग पडला नाही. त्यांनी ते काम केलं तेव्हा मार्तंड आणि तू दहावीत होता आणि ते तुम्हा दोघांना सारखंच रागावायचे. हे सगळं मार्तंडला माहीत होतं, तरी तो बोलला. तू काही वाद घातला नाहीस. फासे आणि टेप त्याच्या हातात ठेवलेस आणि म्हणालास, “घे. आता दोन्हीकडून तूच खेळ.” आणि स्वतःचे सैनिक टेबलावर तसेच सोडून गाडी पकडायला निघून गेलास. मी जेवणाचा डबा हातात घेऊन उभी होते. तुला हाक मारली नाही.

तो दोन्हीकडून खेळला नाही. त्या दिवसानंतर ते टेबलच मांडलं नाही त्याने. दोन्ही पेट्या वेगवेगळ्या ठेवल्या, तुझ्या पेटीवर सुताची दोरी बांधली आणि ती उघडली नाही. रंगवणं मात्र सुटलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर भिंगाचा दिवा लावून बसायचा. तुझं नाव काढलं की म्हणायचा, “त्याची मर्जी.” मला माहीत होतं की त्याला नांदुऱ्याला जायचं आहे. दोनदा तयार होऊन बसला होता, एकदा तर चपला घालून. मग म्हणाला, उन्हं फार झाली.

आता सैनिक कसे वेगळे केले ते सांगते. पहिले आठ दिवस मला काहीच कळलं नाही. मग मार्तंडचं भिंग लावून पाहायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम पाहिलं, प्रेमानंद. तो डावरा होता हे मला त्याच्या जन्मापासून माहीत आहे, लहानपणी त्यासाठी त्याने मारही खाल्ला. भिंगाखाली ते दिसलं. सुरवारीवरच्या बारीक रेघा ओढताना त्याच्या रेघा एका बाजूला कलतात आणि तुझ्या दुसऱ्या बाजूला. भुवयाही तशाच. एकदा ते डोळ्यात बसल्यावर मला चुकायचं कारण राहिलं नाही. तू डोळ्यांत पांढरा ठिपका देऊन वर काळा देतोस, म्हणून तुझे सगळे थोडे दचकल्यासारखे दिसतात. तो डोळ्यांना नुसती गडद रेघ द्यायचा. म्हणायचा, एवढ्या लांबून कोणाचे डोळे दिसतात? रोज सकाळी अंघोळ झाली की मी खिडकीशी बसायची आणि दहा-बारा निवडायची. ज्यांची खात्री झाली त्यांच्या कडांना पुन्हा रंग दिला, तुझ्यांना लाल, त्याच्यांना हिरवा. हात कापतो, त्यामुळे रेघ सरळ नाही. बहिणीने दिलेली आहे असं समज.

दहा दिवसांपूर्वी मी अडले. बावीस प्यादे असे निघाले की रेघा मार्तंडच्या, डोळ्यांना नुसती गडद रेघ, पण चुण्यांत तपकिरी सावली. भिंगाखाली थोडी चमक. वास घेऊन पाहिला, तर अजून पॉलिशचा वास. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा पुन्हा पाहिले. तुझे साठ शेजारी मांडले. सावली तीच होती, फक्त थोडी जास्त झालेली, काहींच्या दाढ्यांत थेंब साचलेले. ज्याला ते काम येत नाही आणि कोणाला विचारायचं नाही, अशा माणसाने केल्यासारखी. आणि मग मला मागची दिवाळी आठवली. मार्तंडने मला हार्डवेअरच्या दुकानातून अक्रोड रंगाचं लाकडी पॉलिश आणायला सांगितलं होतं. मी विचारलं दाराला का, तर म्हणाला हो. दाराला कधी लागलं नाही ते. वहीत मागच्या बाजूला सापडलं, ‘पॉलिश १, टर्पेंटाइन २, फार काळं. १ ला ४, बरं. बुडवून झटकायचं कसं, ते प्रेमालाच विचारावं लागेल.’ खाली तारीख होती. ती आजारी पडायच्या आदल्या आठवड्यातली.

ते बावीस मी वेगळ्या डब्यात, कापसात ठेवून तुझ्या पेटीत घातले आहेत. त्यांच्या कडा काळ्याच ठेवल्या आहेत. हात त्याचा, काम तुझ्या वडिलांचं. कोणत्या बाजूला उभे करायचे ते तू ठरव. वहीचं ते पानही सोबत आहे.

इथेच थांबता आलं असतं. हे वाचून तुला बरं वाटलं असतं आणि मलाही. पण मग मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

तू येणं बंद केलंस त्या तीन वर्षांत मार्तंड माझ्याशी बोलायला लागला होता. तुला हे विचित्र वाटेल. मी एकोणतिसाव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आले, तेव्हापासून आम्ही एकाच घरात राहत होतो, पण त्याच्याकडे माझ्यासाठी ‘जेवायला वाढ’ आणि ‘येतो’ यापलीकडे शब्द नव्हते. सगळे शब्द रविवारसाठी राखून ठेवलेले असायचे. तू येईनासा झालास आणि ते रविवार माझ्याकडे आले. आम्ही दोघं आठवडी बाजारात जायला लागलो. संध्याकाळी ओट्यावर बसून तो दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. साठीला आल्यावर मला माझा भाऊ मिळाला. तू दुखावला आहेस हे मला कळत होतं, तो झुरतो आहे हेही दिसत होतं, आणि तरी मी एकदाही म्हटलं नाही की जा, माफी मागून ये. त्याच्या पायातल्या चपला मी पाहिल्या होत्या. उन्हं फार आहेत, हे आधी मीच म्हटलं होतं.

जानेवारीत त्याला अकोल्याला हलवलं. नऊ दिवस होता. डॉक्टर सांगत होते, सुधारणा आहे, आणि मी ते धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “ताई, प्रेमाले फोन लाव.” मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. फोनमध्ये तुझं नाव काढलं. मनात आलं, प्रेमानंद येईल, दोघं रडतील, बोलतील, मार्तंड बरा होऊन घरी गेला की रविवार पुन्हा माडीवर जातील. आधी घरी तर येऊ दे, मग लावू. मी बटण दाबलं नाही. आत येऊन म्हणाले, लागून नाही राह्यला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा बाहेर गेले, पुन्हा तेच केलं. सहाव्या दिवशी त्याने विचारलं, “वाजते का, का बंदच हाय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, वाजते, पण उचलत नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, “नाही उचलणार तो. माह्या तोंडाचंच हाय ते.” त्यानंतर त्याने तुझं नाव घेतलं नाही. तू त्याला माफ केलं नाहीस असं समजून तो गेला, प्रेमानंद, आणि ते त्याला मी सांगितलं होतं. दशक्रियेला तू आलास, मागे उभा राहिलास, न जेवता निघालास. जाताना फाटकापाशी तू मला विचारलंस, “ताई, मार्तंड काही बोलला काय?” मी म्हणाले, बेशुद्धच होता रे. तो बेशुद्ध नव्हता. आठव्या दिवसापर्यंत चांगला शुद्धीत होता आणि त्याने तुझ्यासाठी तीनदा विचारलं होतं. तुझा फोन एकदाही वाजला नव्हता, हे तुला माहीत आहेच. त्याला आता ते सांगता येणार नाही. तुला सांगता येतं, म्हणून हे लिहिलं. त्याच्यावरचा राग काढून टाक, आणि धरायचाच असेल तर तो माझ्यावर धर.

अजून म्हणू देशील तर, तुझीच

शरयूताई